फाटक उघडते तेव्हा कुठेतरी एक गाडी उभी असते

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. ठाणे आणि कल्याण यांच्या दरम्यान एका रेल्वे फाटकाजवळ आपण राहता, मुलीला शाळेत सोडण्यासाठी रोज सकाळी स्कूटरवरून ते ओलांडता आणि बहुतेक दिवशी दहा-पंधरा मिनिटे तिथे अडकता. आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: गाडी दूरवरही दिसत नसताना फाटक का पाडून ठेवतात, गाडी डोळ्यांदेखत निघून गेल्यावरही ते लगेच का उचलत नाहीत, आणि गेटमनवर लक्ष ठेवणारे कोणी असते की नाही. शेवटी आपण असेही लिहिले आहे की, ‘गेटमनने मनात आणले तर तो मध्ये दोन मिनिटे फाटक सहज उघडू शकतो.’ माझे उत्तर मुख्यतः या शेवटच्या वाक्याला आहे, कारण बाकीचे तिन्ही प्रश्न या समजुतीतूनच निघालेले आहेत.

मी मुंबईच्या उपनगरी मार्गावर सिग्नल खात्यात ३१ वर्षे काम केले. फाटकाची यंत्रणा बसवणे, तिची देखभाल करणे आणि ती बिघडली की रात्री-अपरात्री धावत जाऊन ती पूर्ववत करणे हेच माझे काम होते. त्यामुळे जे सांगतो आहे ते गुमटीत, म्हणजे फाटकाजवळच्या गेटमनच्या खोलीत, उभे राहून पाहिलेले आहे.

आधी एक खुलासा करतो. सगळी फाटके सारखी नसतात, आणि आपल्या फाटकाचे नेमके उत्तर ते कोणत्या जातीचे आहे यावर अवलंबून आहे. फाटक स्टेशनच्या हद्दीत आहे की हद्दीबाहेर, ते सिग्नलशी जोडलेले म्हणजे ‘इंटरलॉक’ आहे की नुसत्या टेलिफोनवर चालते, त्यावरून किती लाइनी जातात, आणि त्याची नेहमीची स्थिती रस्त्याला उघडी ठरवलेली आहे की बंद, या चार गोष्टींवर बरेच काही ठरते. शेवटची गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. काही फाटके ‘एरवी उघडी, गाडीपुरती बंद’ अशी चालतात, तर काही ‘एरवी बंद, वाहनापुरती उघडी’ अशी. आपण वर्णन केलेल्या भागातील गर्दीच्या मार्गावरील फाटक इंटरलॉक असणार हे मी गृहीत धरतो आणि तेवढ्यापुरते लिहितो. टेलिफोनवर चालणाऱ्या फाटकांविषयी पुढे थोडे सांगेन.

रस्त्याने जाणाऱ्या माणसाला फाटक म्हणजे वाहने अडवणारा दांडा वाटतो. रेल्वेच्या दृष्टीने फाटक हा सिग्नलचा एक भाग आहे. इंटरलॉक फाटकावर काय घडते ते पाहा. स्टेशनातून गेटमनला फोन येतो की अमुक लाइनवर गाडी येत आहे. तो घंटा वाजवतो, रस्त्याचा दिवा लाल करतो आणि विंच (हाताने फिरवायचे चक्र) फिरवून किंवा बटण दाबून दोन्ही बाजूंचे बूम, म्हणजे आडवे दांडे, खाली आणतो. बूम पूर्ण आडवे होऊन आपापल्या खाचेत बसले तरच त्यांचे कुलूप लागते, आणि कुलूप लागले तरच त्यातून एक चावी बाहेर निघते. ती चावी गुमटीतल्या दुसऱ्या यंत्रात घालून फिरवली की स्टेशनमास्तरच्या पॅनेलवर फाटक बंद असल्याची खूण उमटते. त्यानंतरच फाटकाच्या सिग्नलला हिरवा दिवा देता येतो. नव्या विजेवरच्या फाटकांत चावीचे काम विजेचे संपर्क करतात, पण क्रम तोच राहतो. उलट बाजूनेही हीच साखळी लागू असते. सिग्नल हिरवा असेपर्यंत ती चावी यंत्रातून सुटत नाही, आणि चावी सुटल्याशिवाय बूम उचलत नाही. म्हणजे फाटक उघडे असताना सिग्नल हिरवा होत नाही आणि सिग्नल हिरवा असताना फाटक उघडत नाही. गेटमनने कितीही मनात आणले, तरी त्याच्या हातात त्या वेळी उघडण्यासारखे काही नसते.

आता आपला पहिला प्रश्न. गाडी दिसत नसताना फाटक बंद का? ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी मेल-एक्स्प्रेस एका मिनिटात सुमारे १ किलोमीटर ६७० मीटर अंतर कापते, आणि तिला तातडीचा ब्रेक लावला तरी पूर्ण थांबायला एक किलोमीटरच्या आसपास अंतर लागते. म्हणून फाटकाच्या सिग्नलच्या बऱ्याच आधी एक इशारा देणारा सिग्नल असतो, आणि तो चालकाला दुरूनच हिरवा दिसावा लागतो. पिवळा दिसला की चालक वेग कमी करू लागतो, आणि मग ती गाडी थांबली नाही तरी तिचा वेळ जातोच. त्यामुळे गाडी दोन किलोमीटरहून अधिक दूर असतानाच फाटक पूर्ण बंद होऊन कुलूपबंद झालेले असावे लागते. या अंतरासाठी सव्वा मिनिट धरा, त्याच्या आधी बूम खाली येण्याचा आणि कुलूप लागण्याचा वेळ धरा, त्याच्याही आधी शेवटची वाहने रुळांवरून बाहेर पडण्याचा वेळ धरा. अडीच-तीन मिनिटे सहज होतात. मालगाडी असेल तर आणखी. सुमारे ७०० मीटर लांबीची भरलेली मालगाडी संथ गतीने येते तेव्हा तिच्यासाठी फाटक एक्स्प्रेसपेक्षा कितीतरी जास्त वेळ बंद राहते. लोकांना मात्र उलटे वाटते, की इतक्या हळू येणाऱ्या गाडीसाठी एवढ्या लवकर फाटक पाडायची काय गरज होती.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि मुंबईचे वेगळेपण इथेच आहे. गाडी गेली तरी फाटक का उघडत नाही? कारण आपण एक गाडी पाहिली, गेटमनला चार लाइनींचा हिशेब आहे. अप स्लो, डाउन स्लो, अप फास्ट, डाउन फास्ट. ठाणे-दिवा पट्ट्यात २०२२ मध्ये पाचवी आणि सहावी लाइन सुरू झाल्यापासून तिथे हा हिशेब आणखी वाढला आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी सोपे केलेले आहेत. समजा गर्दीच्या वेळी प्रत्येक लाइनवर दर पाच मिनिटांनी एक गाडी आहे आणि प्रत्येक गाडीसाठी फाटक तीन मिनिटे बंद लागते. एका लाइनपुरते पाहिले तर पाचातली दोन मिनिटे मोकळी, म्हणजे परिस्थिती फार वाईट नाही. दोन लाइनी असतील तर दोन्ही एकाच वेळी मोकळ्या असण्याचे प्रमाण २५ पैकी ४, म्हणजे १६ टक्के. तासात साडेनऊ मिनिटांच्या आसपास. हार्बर मार्गावरील चुनाभट्टीसारख्या दोन लाइनींच्या फाटकाचे गणित या जातीचे असते. पण चार लाइनी असतील तर चारही एकाच क्षणी मोकळ्या असण्याचे प्रमाण ६२५ पैकी १६ होते, म्हणजे जेमतेम अडीच टक्के. तासात दीड मिनिट. तेही सलग नव्हे. वीस सेकंद इथे, तीस सेकंद तिथे असे तुकड्या-तुकड्यांत. एवढ्या वेळात बूम उचलून परत खाली आणणेसुद्धा होत नाही. प्रत्यक्षात गाड्या अशा योगायोगाने विखुरलेल्या नसतात, वेळापत्रकाने बांधलेल्या असतात, त्यामुळे खरे आकडे वेगळे येतील. पण रोख हाच राहतो.

याचा अर्थ असा की, चार किंवा सहा लाइनींच्या उपनगरी मार्गावर गर्दीच्या वेळी फाटक उघडण्यासाठी मोकळी वेळ आपोआप येत नाही. ती काढावी लागते, आणि ती गाड्या रोखूनच काढता येते. आपल्यासाठी फाटक उघडते त्या वेळी एखादी लोकल त्या सिग्नलपाशी उभी असते किंवा आधीचा पिवळा पाहून रेंगाळत येत असते. तिच्या मागे तीन-चार मिनिटांच्या अंतराने दुसरी आहे, तिच्या मागे तिसरी. बारा डब्यांची भरलेली लोकल थांबवून पुन्हा वेगात आणण्यात जो वेळ जातो तो मागच्या सगळ्यांना वाटून घ्यावा लागतो. सकाळी आठ-साडेआठला ‘लोकल दहा मिनिटे उशिराने’ असे आपण ऐकता, तेव्हा त्यामागे अनेकदा एखादे फाटक वेळेत बंद न झाल्याचे कारण असते. गाडी कोणत्या क्षणी रोखायची हे गेटमन ठरवत नाही. ते स्टेशनमास्तर आणि नियंत्रण कक्षातील सेक्शन कंट्रोलर ठरवतात. गेटमनला निरोप येतो आणि तो त्याप्रमाणे चालतो.

याच्या जोडीला आणखी एक तांत्रिक बंधन आहे. गाडीला एकदा हिरवा सिग्नल दिला आणि गाडी जवळच्या टप्प्यात आली, की सिग्नल परत लाल केला तरी फाटक लगेच सुटत नाही. गाडी फाटक ओलांडून गेली असल्याची खात्री रुळांतील विजेच्या मंडलावरून (रुळांवर गाडी आहे की नाही हे त्यावरून कळते) व्हावी लागते, किंवा यंत्रणेतले ठरलेले टायमर पूर्ण व्हावे लागते. चालकाने हिरवा पाहिलेला आहे, तो त्या वेगात येतो आहे, आणि इकडे कोणाच्या विनंतीवरून फाटक उघडले, असे कधीही होऊ नये यासाठी ही सोय आहे. ‘साहेब, फक्त ॲम्ब्युलन्सपुरते उघडा’ अशी विनवणी मी स्वतः ऐकली आहे आणि त्या वेळी हताश उभा राहिलो आहे. तशा प्रसंगी गेटमन फोन उचलून स्टेशनला सांगतो, पुढच्या गाड्या रोखल्या जातात आणि पहिल्या शक्य क्षणी फाटक उघडते. पण जिला हिरवा मिळालेला आहे ती गाडी गेल्याखेरीज नाही.

आता जे मला मनापासून सांगायचे आहे. वर जे गणित मांडले त्यात ‘तीन मिनिटे’ हा आकडा स्थिर नाही, आणि तो वाढवण्याचे काम बहुतांशी रस्त्यावरचे लोक करतात. घंटा वाजू लागली, बूम खाली येऊ लागला, की त्याच्याखालून एक दुचाकी निसटते. तिच्यामागे दुसरी. समोरच्या बाजूने रिक्षा चुकीच्या बाजूला येऊन तोंडाला तोंड लावून उभी राहते. आता रुळांवर अडकलेल्या वाहनाला पुढे जायला जागाच नाही. बूम दीड मीटरवर अधांतरी, गेटमन हातवारे करतो आहे, स्टेशनमास्तर फोनवर ‘फाटक झाले का?’ असे विचारतो आहे, आणि सिग्नल लाल. दोन मिनिटांत बंद व्हायचे फाटक पाच मिनिटांनी बंद होते. तेवढ्यात चारही लाइनींवर गाड्या साचतात, आणि त्या साचलेल्या सगळ्या काढल्याशिवाय फाटक पुन्हा उघडता येत नाही. म्हणजे ज्याने निसटून तीस सेकंद वाचवले, त्याच्यामुळे पलीकडे उभी असलेली आपली स्कूटर पुढची पंधरा मिनिटे अडकते. आपण तक्रार करता त्या लांब बंदमागे पुष्कळदा असाच प्रसंग पाच-दहा मिनिटे आधी घडून गेलेला असतो. आपण तिथे नंतर पोहोचता म्हणून तो आपल्याला दिसत नाही.

एका जुलैची संध्याकाळ माझ्या आठवणीत पक्की आहे. फाटकाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. पाऊस इतका होता की समोरचा सिग्नल नुसता लाल डाग दिसत होता. मी त्याच गुमटीत चावीच्या यंत्राची तपासणी करत होतो. बूम निम्म्यावर आला असताना एका टेम्पोने तो उडवला आणि न थांबता निघून गेला. बूमचे पुढचे टोक रस्त्यावर पडले. गेटमन चाळिशीतला, शांत माणूस होता. त्याने त्या टेम्पोकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी त्याने सिग्नल लाल असल्याची खात्री केली, मग स्टेशनला फोन करून बूम तुटल्याचे सांगितले, आणि मग हातात कंदील घेऊन, लाल पाटी लावलेली साखळी खांद्यावर टाकून पावसात बाहेर पडला. दोन्ही बाजूंना साखळ्या ओढून त्याने कुलपे लावली. तोवर डाउन स्लो लोकल फाटकाच्या सिग्नलपाशी येऊन थांबली होती आणि शिट्टी देत होती.

त्या सिग्नलच्या खांबावर पिवळ्या चकतीवर काळ्या रंगात ‘जी’ हे इंग्रजी अक्षर असते. त्याचा अर्थ, हा फाटकाचा सिग्नल आहे. असा सिग्नल लाल असेल तर मोटरमन शिट्टी वाजवतो, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे थांबतो, आणि तरीही सिग्नल मिळाला नाही तर अगदी सावकाश फाटकापर्यंत गाडी आणतो. तिथे गेटमन हजर असेल आणि त्याने हातसिग्नल दाखवला तरच पुढे जातो. गेटमन दिसला नाही, तर गाडी फाटकाआधी थांबवून गाडीवरच्या कर्मचाऱ्याने खाली उतरून फाटक बंद असल्याची खात्री करायची आणि मगच गाडी पलीकडे न्यायची, असा नियम आहे. त्या संध्याकाळी तो गेटमन प्रत्येक गाडीला कंदिलाचा हिरवा दाखवत भिजत उभा राहिला, आणि आम्ही तिघांनी मिळून नवा बूम चढवेपर्यंत पाऊण तास सगळ्या गाड्या अशा एकेक करून गेल्या. एका टेम्पोच्या घाईपायी. अलीकडे बऱ्याच फाटकांवर बूमच्या मागे सरकता अडसर बसवलेला असतो, आणि तोही सिग्नलशी जोडलेला असतो. बूम तुटला तर तो सरकवून, कुलूप लावून गाड्या नेहमीच्या सिग्नलवर चालवता येतात. माझ्या नोकरीत पाहिलेल्या सुधारणांपैकी ही मला फार मोलाची वाटते.

बूम तोडणे हा रेल्वे कायद्यानुसार गंभीर गुन्हा आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६० प्रमाणे बंद फाटक परवानगीशिवाय उघडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत, आणि ते तोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बूमखालून स्कूटर तिरपी करून जाणाऱ्यांना हे माहीत नसते.

‘हे सगळे आपोआप का करत नाही?’ असेही आपल्या मनात आले असेल. गाडी कुठे आहे हे यंत्राला उत्तम कळते. रुळांवर वाहन अडकले आहे की नाही, हे त्याला सहजासहजी कळत नाही. जपानसारख्या देशात त्यासाठी फाटकावर अडथळा ओळखणारी किरणयंत्रे बसवलेली आहेत. आपल्याकडे मात्र शेवटचे वाहन बाहेर पडले का, मधल्या खडीत कोणाचे चाक रुतले का, म्हातारी बाई पलीकडे पोहोचली का, हे अजून माणसाच्या डोळ्यांनीच पाहिले जाते. आणि गेटमनची कामे बूम वर-खाली करण्यापुरती नसतात. फाटकात रुळाला समांतर आणखी एक रूळ बसवलेला असतो, त्याला चेक रेल म्हणतात. दोहोंच्या मधली फट ५१ ते ५७ मिलिमीटर ठेवलेली असते, आणि गाडीच्या चाकाची कड त्या फटीतून जाते. डंपर गेला की रस्त्याची खडी उडून नेमकी त्या फटीत बसते. गेटमनच्या हातात वाकवलेली लोखंडी सळई असते. फाटक पडल्यावर आणि गाडी येण्याआधी तो वाकून ती फट साफ करतो. आपण स्कूटरवर उभे असताना तो ‘उगाच रुळात काहीतरी कुरतडत बसला आहे’ असे वाटले असेल, तर तो हे करत होता. गाडी जाताना तो उभा राहून तिच्याकडे पाहतो, तेही नियमाप्रमाणे. एखाद्या डब्याखाली काही लोंबकळते आहे, चाकातून धूर येतो आहे, दार उघडे आहे, असे दिसले तर त्याने लाल दाखवून गाडी थांबवायची असते.

मधेच वाहन बंद पडले तर काय, हे आपण विचारलेले नाही, पण मुलगी रोज आपल्या मागे बसलेली असते म्हणून लिहितो. वाहन ढकलण्यात वेळ घालवू नये. आधी मुलीला घेऊन रुळांबाहेर व्हावे आणि गेटमनला ओरडून सांगावे. तो सिग्नल लाल करतो, आणि तसे करूनही धोका वाटला तर रुळावर लाल बॅनर लावून पुढे धावत जातो. ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन असे फटाके रुळावर बांधायचे असतात; चाक त्यांवरून गेले की मोठा आवाज होतो आणि चालक गाडी थांबवतो. गेटमन एकटा असतो आणि लाइनी अनेक असतात. आपल्याला मदत करायची असेल तर रुळाच्या कडेने, रुळांवरून नव्हे, गाडी येण्याच्या दिशेने जाऊन दोन्ही हात डोक्याच्या वर ताठ धरावेत किंवा हाताला येईल ते कापड जोरात हलवावे. रात्री मोबाइलचा दिवा जोरजोरात हलवावा. ही खूण चालक धोक्याचीच मानतो.

पायी जाणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. फाटक बंद असताना बाजूच्या छोट्या दारातून माणसे जातात. एक लोकल धडधडत जाते, तिचा शेवटचा डबा सरकला की लोक पाऊल टाकतात. त्या डब्याच्या आडून शेजारच्या लाइनवर उलट दिशेची गाडी आलेली असते, आणि पहिल्या गाडीच्या आवाजात दुसरीचा आवाज वेगळा कळत नाही. शेवटचा डबा बराच पुढे जाऊन दोन्ही दिशा स्वच्छ दिसेपर्यंत थांबावे. पादचारी पूल असेल तर तोच घ्यावा.

आता देखरेख. इंटरलॉक फाटकाची प्रत्येक हालचाल स्टेशनातील डेटा लॉगर नावाच्या यंत्रात सेकंदासह नोंदली जाते: बूम कधी पडला, चावी कधी फिरली, सिग्नल कधी हिरवा झाला, गाडी कधी ओलांडून गेली. ही नोंद गेटमनला किंवा मला बदलता येत नाही. एखादे फाटक रोज ठरावीक वेळी प्रमाणाबाहेर बंद राहत असेल, तर ते या नोंदींत स्पष्ट दिसते. याशिवाय फाटक ज्या खात्याचे असेल त्याचे निरीक्षक, सिग्नलचे निरीक्षक आणि इंजिनातून प्रवास करणारे तपासनीस येऊन पाहतात, रात्री न सांगता होणाऱ्या तपासण्या वेगळ्या. गेटमनची डोळ्यांची तपासणी आणि नियमांची उजळणी ठरलेल्या मुदतीने होते.

टेलिफोनवर चालणाऱ्या, म्हणजे इंटरलॉक नसलेल्या फाटकांचे तसे नाही. तिथे स्टेशनमास्तर फोन करतो, गेटमन फाटक बंद करून त्याला एक ‘प्रायव्हेट नंबर’ सांगतो. हे दोन आकडी नंबर छापील तक्त्यावर असतात, आणि वापरलेला नंबर खोडायचा असतो. तो नंबर मिळाला की फाटक बंद आहे असे मानले जाते. इथे लोखंडाची जागा शब्दाने घेतलेली आहे, आणि मला आयुष्यभर ही व्यवस्था अपुरी वाटत आलेली आहे. थकलेला माणूस नंबर सांगून बसू शकतो. तमिळनाडूत कडलूर जिल्ह्यात ८ जुलै २०२५ रोजी शाळेच्या व्हॅनला रेल्वेने धडक दिली आणि तीन मुले गेली. ते फाटक इंटरलॉक नव्हते. त्यानंतर रेल्वेने सर्व फाटकांवर सीसीटीव्ही बसवण्याचे जाहीर केले. कॅमेरा उपयोगी आहे, पण तो घडलेले दाखवतो. कुलूप-चावीची साखळी घडूच देत नाही. पैसा आधी कुठे घालावा असे मला कोणी विचारले, तर मी इंटरलॉकिंगकडे बोट दाखवीन.

खरा उपाय अर्थातच फाटक राहूच न देणे हा आहे. ब्रॉडगेजवरील सर्व मानवरहित फाटके जानेवारी २०१९ अखेर संपवण्यात आली. माणूस असलेल्या फाटकांसाठी गाड्यांची संख्या आणि वाहनांची संख्या यांचा गुणाकार करतात. मोटार, बैलगाडी यांना एक धरतात आणि रिक्षाला अर्धा. हा गुणाकार एक लाखावर गेला की ते फाटक रेल्वे आणि राज्य सरकार यांनी खर्च वाटून घेऊन उड्डाणपूल बांधण्याच्या निकषात बसते. उपनगरी फाटकावर गाड्याच इतक्या असतात की एवढा गुणाकार व्हायला फार वाहने लागत नाहीत. पूल उशिरा होतो तो वेगळ्या कारणाने. रुळांवरचा तुकडा रेल्वे बांधते, पण दोन्ही बाजूंच्या उतारांसाठी जागा मोकळी करणे, घरे-दुकाने हलवणे, जलवाहिन्या आणि केबली सरकवणे हे महापालिकेकडे किंवा राज्य सरकारकडे असते, आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना तर मुंबईत बाजार भरलेला असतो. कळव्याचा खारेगाव पूल जानेवारी २०२२ मध्ये आणि विक्रोळीचा पूल जून २०२५ मध्ये सुरू झाला. दोन्हींसाठी लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. आपल्या फाटकावरचा पूल अडला असेल तर तो रुळांवरच्या तुकड्यासाठी अडला आहे की उतारासाठी, हे आधी शोधून काढावे. दार कोणाचे ठोठवायचे ते त्यावरून ठरते.

तोपर्यंत तक्रार करायची असेल, तर ‘गेटमन फाटक उघडत नाही’ अशी करू नये. त्याचे उत्तर ‘गाड्या होत्या’ असेच येईल आणि ते खरे असेल. गुमटीवर फाटकाचा क्रमांक आणि किलोमीटर रंगवलेला असतो, तो लिहून घ्यावा. आठवडाभर रोज फाटक कधी पडले, कधी उचलले आणि मधे किती गाड्या कोणत्या दिशेने गेल्या याची नोंद ठेवावी. वाहने अडकल्यामुळे फाटक बंद व्हायला उशीर झाला असेल तर तेही लिहावे, कारण मग तिथे वाहतूक पोलीस किंवा रस्त्याच्या मधोमध दुभाजक मागता येतो, आणि माझ्या अनुभवात साध्या दुभाजकाने जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशाने पडलेला नाही: समोरासमोर तोंड लावून वाहने अडकणेच बंद होते. ही नोंद १३९ क्रमांकावर किंवा ‘रेल मदद’ या रेल्वेच्या ऑनलाइन तक्रार सेवेवर द्यावी आणि एक प्रत विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या कार्यालयात द्यावी. वेळ ‘सकाळी शाळेच्या सुमारास’ अशी लिहू नये. घड्याळातली, मिनिटासह लिहावी. तशी लिहिली तरच कोणीतरी डेटा लॉगरची नोंद काढून आपल्या कागदाशेजारी ठेवून पाहू शकेल.